अमीनाने पाहिलेलं तोंड

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, मी आणि आमच्या शेजारची अमीना. आत माझी बायको तानुबाई होती. आठवडाभर ती खोकत होती, ताप उतरत नव्हता, आणि त्या सकाळी आपण कुठं आहोत हेच तिला कळेनासं झालं. म्हणून अमीनाच्या नवऱ्याच्या, निजामच्या, टेम्पोत घालून आम्ही तिला अमडापूरहून आणलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "आजोबा, आजी रात्री झोपताना कवळी काढून ठेवत होत्या का?"

"काढायची कायले?" मी म्हणालो. "दात हायेत ते."

"रात्री नाई काढे, म्याडम," अमीना म्हणाली. "दुपारी काढे. माह्या घरी."

मी तिच्याकडे वळून पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. डॉक्टरीणबाईंनीही मग माझ्याकडे पाहणं सोडलं. हिरड्या लाल होत्या का, आत पांढरे चट्टे होते का, गिळताना ठसका लागत होता का, असं सगळं त्या अमीनाला विचारू लागल्या, आणि अमीना सगळ्याची उत्तरं देत होती. हो, टाळूला चट्टे होते. हो, डाव्या बाजूला कवळी घासून जखम झाली होती. हो, पाणी पितानाही ठसका लागे, दिवाळीपासून. माझ्या बायकोच्या टाळूला चट्टे होते हे मी त्या बाकावर बसून पहिल्यांदा ऐकलं.

"तोंडात जंतू असतातच, आजोबा," डॉक्टरीणबाई मला समजावून सांगू लागल्या. "दात खरे असोत की कवळीचे, नीट साफ नाही केले की त्यांच्यावर जंतूंचा थर बसतो. कवळी रात्रंदिवस तोंडात राहिली की तो थर वाढत जातो. झोपेत थोडी लाळ श्वासनळीत उतरते. तरण्या माणसाला खोकला येतो, निघून जाते. म्हाताऱ्या माणसाला ते जमत नाही. मग ते जंतू फुफ्फुसात जातात."

"म्हंजे दातानं केलं?"

"दातानंच केलं असं मी म्हणणार नाही. वय आहे, अंगात रक्त कमी आहे, थंडी आहे. पण तोंडातून गेलेलं असू शकतं. दोन्ही बाजूंना न्यूमोनिया आहे. आम्ही प्रयत्न करतो आहोत. मुलाला मात्र बोलावून घ्या."

मुलाला बोलावून घ्या याचा अर्थ आमच्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. मी दीपकला पुण्याला फोन लावला, तो रडायला लागला, मी त्याला गाडी धर म्हणालो. हे सगळं मी केलं. पण त्या बाकावर माझ्या डोक्यात दीपक नव्हता आणि न्यूमोनियाही नव्हता. दुपारी माह्या घरी, एवढेच शब्द होते.

थोड्या वेळानं नर्स एका स्टीलच्या वाटीत कवळी घेऊन आली. "हे कोणाकडे द्यायचं?" माझा हात पुढं व्हायच्या आत अमीनाचा झाला. तिनं ती कवळी ओढणीच्या पदरानं पुसली, आतून, बाहेरून, कोपऱ्यातून, आणि वाटीत पाणी घालून त्यात ठेवली. असं ती रोज करत असावी. मला ते दात बाहेर पडलेले पाहून कसंतरी झालं, तिला काही झालं नाही.

तानुबाईचे स्वतःचे दात मिश्रीनं गेले. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तव्यावर तंबाखू जाळून मिश्री करत असे, आणि माझी आई, माझ्या बहिणी, सगळ्याच करत. साठीच्या आसपास दात हलू लागले, हिरड्यांतून पू यायला लागला. चिखलीला एक फुकट शिबिर होतं, तिथं तिनं उरलेले सगळे काढून घेतले. आणि काढले त्याच दिवशी ती घरी न येता तिथूनच परस्पर भावाकडे गेली, हिवरा आश्रम गावाला. हिरड्या भरेपर्यंत तिकडंच राहिली, कवळीचं माप द्यायलाही भाऊच घेऊन गेला. अमडापूरच्या स्टॅंडवर उतरली ती दात घालूनच.

"इंद्रभान, बायको माहेरी जाऊन जवान होऊन आली बे," पारावरचे लोक मला म्हणाले होते. मला बरं वाटलं होतं. ती हसली की पांढरी शुभ्र ओळ दिसे. माझ्या वयाच्या कुणाची बायको तशी हसत नव्हती.

ती भाकरीही चावून खाई. माझ्यासमोर बसून कडक भाकरी आणि ठेचा खाई, आणि मी म्हणे, पाहा कशी पोरीसारखी चावते. सकाळी मी उठायच्या आत ती मागच्या मोरीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून चूळ भरत असे. मला तिची पाठ दिसे. इतक्या वर्षांत मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. दाताला कीड लागते, कवळीला कशी लागणार, असंच आम्ही सगळे समजत होतो. बीटीचं बियाणं आलं तेव्हाही आम्ही असंच म्हणालो होतो की या पराटीला, म्हणजे कपाशीला, अळी लागत नाही. आणि पहिली काही वर्षं लागलीही नाही. मग ज्या साली तानुबाई गेली त्याच साली बोंडं वरून हिरवीगार दिसत होती, आणि हातानं फोडली की आत गुलाबी अळी. कापूस पिवळा, डागाळलेला. व्यापारी हात लावत नव्हता.

तो कापूस निजाम घेत असे. तो पिंजारी आहे, घराच्या ओसरीत त्याची पिंजायची मशीन आहे. डागाळलेला कापूस पिंजून तो गाद्या, रजया भरतो, आणि अमीना त्यांना टाके घालते. त्या वर्षी आमचा बराचसा कापूस त्यानंच नेला. आणि त्या कापसापाठोपाठ तानुबाई जात राहिली, टाके घालायला, दुपारचं जेवण झालं की. म्हणजे त्याआधीही जात असे, पण त्या वर्षी रोज.

मी ओट्यावर पडलेला असे आणि मला तिकडून दोघींचं हसणं ऐकू येई. तानुबाई घरी तसं हसत नव्हती. घरी ती तोंड मिटून हसे किंवा नीट दात दाखवून हसे. तिकडचं हसणं वेगळं होतं, फसफस करणारं, हवा निसटल्यासारखं. एकदा मी कडबा आणायच्या निमित्तानं त्यांच्या दारावरून गेलो आणि हाक मारली. हसणं थांबलं. आत भांड्याचा आवाज झाला. मग तानुबाई दारात आली, तोंडावर पदर, आणि पदर काढला तेव्हा नेहमीसारखी.

"काय जी, काय पाह्यजे?"

"काही नाई. कायले हसून राह्यल्या?"

"बायाईचं काय विचारता. तुमच्यावरच हसून राह्यलो."

मला वाटलं होतं, पुन्हा मिश्री लावायला लागली असेल, डॉक्टरांनी मनाई केली म्हणून चोरून. मी त्यावर खूश नव्हतो, पण मनाला ते परवडत होतं. आता कळलं की मिश्री नव्हती. दुपारी ती तिथं जाऊन तोंड उघडत होती.

दवाखान्यातले पुढचे दिवस तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. कवळी बाहेर, वाटीत. म्हणजे आत, त्या मास्कखाली, ते तोंड होतं जे मी पाहिलं नव्हतं. मला तिच्या मरणाची भीती वाटत होती आणि तरी मी त्या मास्कच्या कडांकडे पाहत बसे. प्लास्टिकवर वाफ धरलेली असे, काही दिसत नसे.

सकाळ-संध्याकाळ नर्स पडदा ओढून तिचं तोंड साफ करी, कापसाच्या बोळ्यानं. "घरची बाई असेल तर आत या, धरायला लागेल," ती म्हणे. सून करिष्मा दीपकबरोबर आली होती, ती उठून आत गेली. पण तानुबाईनं दात नसलेलं तोंड घट्ट मिटून घेतलं आणि हात हलवला. करिष्माला वाटलं, पाणी मागतात. नर्सला कळलं. "ती दुसरी मावशी कुठं गेली?" अमीना आत गेली आणि तानुबाईनं तोंड उघडलं. पडद्याबाहेर मी उभा होतो. मला बोळ्याचा पाण्यात बुडण्याचा आवाज येत होता आणि अमीना हळूच म्हणत होती, "आ कर, तानी. आणखी. हां, माय वं. झालं, झालं."

मी नर्सला म्हणालो, "मी धरतो की. मी नवरा होय तिचा."

"आजोबा, त्या तोंड उघडत नाहीत दुसऱ्या कोणाला. मी काय करू?"

करिष्मा मला म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. आईंना ज्यात बरं वाटतं ते करू द्या." शहाणी पोरगी आहे. पण तिचं ते बोलणं मला सुईसारखं लागलं.

तानुबाई दुपारी गेली. दीपक आणि मी खाली औषधाच्या दुकानात होतो. वर आलो तर पडदा ओढलेला होता. पडदा बाजूला सारून अमीना बाहेर आली आणि म्हणाली, "भाऊ, गेली."

मी आत गेलो. मास्क काढलेला होता. तानुबाई ओठ मिटून पडली होती, गाल भरलेले, रोज दिसे तशी. मला एक क्षण कळलं नाही की काय चुकतंय. मग कळलं. वाटी रिकामी होती.

"जबडा घट्ट व्हायच्या आत बसवले," अमीना मागून म्हणाली. "तिनं सांगून ठेवलं होतं."

"मले आवाज द्यायचा होता."

"तिनं तेच नको म्हणलं होतं, भाऊ."

दीपक आईच्या पायांवर डोकं ठेवून रडत होता. मीही रडलो. पण मी अमीनावर रागावून रडलो. माझ्या बायकोच्या तोंडात शेवटचा हात तिचा गेला होता.

घरी आणलं तेव्हा अंगण भरलं होतं. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळ भरून कुंकू लावलं. माझ्या आधी गेली म्हणून सगळ्या तिला भाग्यवान म्हणत होत्या. सोनं उतरवून करिष्माच्या हातात दिलं. मग माझा चुलतभाऊ रंगराव पुढं आला. आमच्या भावकीत असल्या गोष्टींत त्याचा शब्द चालतो.

"इंद्रभान, तोंडात पाणी घालाच्या आधी ते दात काढून घे."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? सोनं काढलं ना? तसंच हे. जन्माले आली तवा होते का तिले दात? माणूस जसं आलं तसं गेलं पाह्यजे. परकी वस्तू चितेत जात नाई."

"अन् प्लास्टिक हाय ते," मागून कुणीतरी म्हणालं. "वास सुटते."

"तू होय नवरा, तूच काढ. बायकोले दुसऱ्यानं हात लावू नये."

दुसऱ्यानं हात लावू नये. ते ऐकून मी पुढं झालो. मी तिच्या डोक्याशी बसलो. ओठांवर बोट ठेवलं. थंड होते. थोडं दाबलं तर वरची कवळी सुटली असती, मला ते बोटाला जाणवलं. इतके दिवस जे पाहायला मी तळमळत होतो ते माझ्या हाताखाली होतं, आणि भावकीच मला ते कर म्हणत होती. माझ्यावर कुणी बोट ठेवलं नसतं.

फाटकाशी बायकांत अमीना उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, नका."

मोठ्यानं नाही म्हणाली. पण अंगणात सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे तिच्याकडे वळले. "तुले काय करायचं वं त्यात?" एक म्हातारी म्हणाली. रंगरावनं नुसतं तिच्याकडं पाहिलं. मला राग आला, तिचा नाही तर ती तसं म्हणू शकते याचा. मी मान वर केली. तेव्हा मला दिसलं की सगळे वाकून पाहत होते. पोरं भिंतीवर चढली होती. पारावरचे ते सगळे, मला जवान बायको मिळाली म्हणणारे, पायांच्या बोटांवर उभे होते.

मी थांबलो ते अमीनाच्या म्हणण्यावरून नाही. जे तोंड मला तिनं कधी दाखवलं नाही, ते या साऱ्या गावानं माझ्या खांद्यावरून वाकून पाहावं, हे मला सोसवलं नाही. अमीनापुरतं होतं तेच मला जड जात होतं.

"राहू द्या," मी म्हणालो. "तिचे हायेत ते दात."

"तुह्या मनानं," रंगराव म्हणाला. "मंग मले म्हणू नको."

दीपकनं मिटलेल्या ओठांवरच पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं. पुढं लोक म्हणाले, इंद्रभाननं बायकोची लाज राखली. गावचे किसनराव पाटील तर चारचौघांत म्हणाले, असा नवरा पाहिजे. ती दातांसकट जळाली आणि मला पाहायचं होतं ते कायमचं गेलं. ते मी माझ्या तोंडानं घालवलं.

तेरवी झाली, दीपक आणि करिष्मा परत गेले. त्यानंतर एका दुपारी मी निजामच्या घरी गेलो. तो ओसरीत मशीनवर बसला होता, नाकाला रुमाल, सगळा पांढरा झालेला. मला पाहून त्यानं मशीन बंद केली.

"या भाऊ, बसा. भाभीचीच रजई भरून राह्यलो. पूर्ण करून देतो तुम्हाले."

मी बसलो. कापसाचा भुगा खाली बसू दिला. मग मी विचारलं, "निजाम, तू पाह्यली होती का तिले?"

"कोणाले?"

"तानुबाईले. बिगर दाताची."

"तौबा, तौबा!" त्यानं दोन्ही कान धरले. "भाऊ, काय बोलता? ह्या दोघी दार लोटून बसत होत्या. मी पाणी प्याले जायचं म्हणलं तरी बाहेरून खोकायचो. ही तिकडून वरडे, थांबा! मी आपला उन्हात उभा. माह्या घरात मीच पाहुणा."

मला बरं वाटलं. असं बरं वाटावं हे काही चांगलं नाही, पण वाटलं. निदान तो तरी नव्हता.

अमीना आतून आली आणि दाराला टेकून उभी राहिली. निजामनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चहापत्ती आणतो म्हणून निघून गेला.

मी म्हणालो, "भाभी, तिच्या तोंडात फोड होते, चट्टे होते. तुमाले माहीत होतं."

"होतं."

"मंग मले काऊन नाई सांगितलं? मी नेली असती. दिवाळीतच नेली असती. जगली असती आज."

"मी तिले रोज सांगे. रात्री काढून ठेवत जा, पाण्यात ठेवत जा, हिरडीले हवा लागू दे. तं म्हणे, ते जागे असले तं? म्या म्हणलं, मंग काय होईन, पाह्यतीन. तं नाई म्हणे. दवाखान्यात चल म्हणलं तं म्हणे, वेचणी होऊ दे. अन् मले कसम घातली भाऊ, की यांले सांगशीन तं माह्यं मेलेलं तोंड पाह्यशीन."

"अन् तुमी ऐकलं."

"हो. ऐकलं," ती म्हणाली. "अन् पाह्यलंही."

मी म्हणालो, "तुमाले तरी दिसली. मले तं इतक्या वर्षात..."

"काय दिसलं मले?" अमीना एकदम चिडली. मी तिला कधी चिडलेली पाहिली नव्हती. "दोन घंटे दुपारचे. तेवढी माही होती. दूध-शेवया खाऊन घे, दुखते तिथं मीठपाण्याची चूळ भर, अन् उन्हं कलली की दात घालून, पदर नीट करून, निघाली. म्या म्हणलं थांब ना अजून, तं म्हणे चहाची येळ झाली त्याईची. माह्यासमोर ती कशीही बसे. कारण मी कोण? अन् तुमच्यासाठी ती ते दुखणारं रात्रभर तोंडात धरून झोपे. माह्यासाठी कोणी असं काही सोसलं नाई, भाऊ. ना तिनं, ना माह्या नवऱ्यानं. मले तुमचा लय राग ये. अजून येते."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. मी ज्या बाईचा हेवा करत होतो ती माझाच हेवा करत उभी होती. त्यानं माझं मन हलकं व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. मला वाटलं, घे तू ते सोसणं, आणि मला ते दोन तास दे.

मी म्हणालो, "लाज कायची होती तिले? मी काय तिचे दात पाहून लग्न केलं होतं?"

"लाज नव्हती ती." अमीनाचा आवाज खाली आला. "म्हंजे लाजच होती. पण म्हातारपणाची नाई, नव्या नवरीची असते ना, तशी. म्या तिले एकदा म्हणलं, तानी, आता कोणासाठी? तं कशी लाजली होती. गाल आत गेले होते अन् तरी..." ती थांबली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "भाऊ, सांगू का तुमाले? कशी दिसे ते?"

मला हो म्हणायचं होतं. त्यासाठीच मी आलो होतो. पण मला दिसलं की ती सांगायच्या आधीच ते तोंड तिच्या डोळ्यांपुढं आलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. तिला आठवायला काही जोर लावावा लागत नव्हता. मला आयुष्यभर तिच्याकडून ऐकलेलंच आठवत राहिलं असतं, तिच्या शब्दांत, तिच्या हसण्यासकट. मी उठलो.

"राहू द्या," मी म्हणालो. अंगणात म्हणालो होतो तेच.

"बसा ना. चहा घ्या."

"नाई. ढोरं सोडायची आहेत."

त्यानंतर उन्हाळा गेला. पराटी उपटून मी त्या शेतात सोयाबीन टाकलं. निजामनं रजई घरी आणून दिली, मी ती करिष्माकडं पाठवली. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणून मी माझ्या दाढांसाठी एकदा दवाखान्यात जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरनं दोन काढल्या आणि दोन ठेवल्या. रोज रात्री मी आता ब्रश करतो, आरशात तोंड उघडून आत पाहतो. घरात पाहायला दुसरं कुणी नाही म्हणून लाजायचं कारण नाही.

अमीना रस्त्यात भेटली की विचारते, "जेवले का, भाऊ?" मी हो म्हणतो. ती काही क्षण थांबते. ती का थांबते हे मला माहीत आहे. तिचंही वय झालं आहे, गेल्या महिन्यात तिला दोनदा चक्कर आली, आणि ते तोंड पाहिलेलं गावात ती एकटीच आहे. ती गेली तर ते गावात कुणालाच ठाऊक राहणार नाही, हे मी रोज मनाशी म्हणतो. आणि तिच्याकडून ऐकायचं म्हटलं की रोज मी पुढं चालू लागतो.

माझी तानुबाई दातांशिवाय कशी दिसायची, हे मी अमीनाला अजून विचारलेलं नाही.